अनुज्ञेवाचून वास्तू नको
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा पाठ)

 

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात दोन गोष्टी हमखास घडतात. गेल्या पन्नास वर्षांत काय उभे राहिले याचा आढावा घेतला जातो आणि पुढील पन्नास वर्षांत काय उभे करावयाचे याचा संकल्प सोडला जातो. जैन समाजाच्या संस्थांत हा संकल्प बहुधा वास्तूचा असतो. पूर्वी उपाश्रय, स्थानक किंवा धर्मशाळा ही बाजारपेठेत, वस्तीच्या मध्यभागी उभी राहत असे. अलीकडे शहरात जागा उरली नाही आणि गरजही बदलली. हमरस्त्यांवरील वाहतूक वाढली, पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींना दिवसाच्या मजलेवर सुरक्षित निवारा हवा झाला. त्यामुळे विहारधाम, त्यागीनिवास, भोजनशाळा, गोशाळा अशा वास्तू आता खेड्यांच्या शिवारात उभ्या राहत आहेत.

हेतू निर्मळ, दाते उदार आणि कार्यकर्ते उत्साही. तरीही कामाचा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आधी बोली बोलली जाते, मग मुहूर्त काढला जातो, मग भूमिपूजन, मग खोदाई. आणि परवानगीचा विचार भिंती छातीइतक्या उंच झाल्यावर सुचतो. कोनशिलेवर दात्यांची नावे ठळक कोरलेली असतात, पण बांधकाम परवान्याचा क्रमांक विचारला, तर विश्वस्त एकमेकांकडे पाहू लागतात. "धर्माचे काम आहे, कोण अडवणार?" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते किती घातक आहे, एवढेच या व्याख्यानात मांडावयाचे आहे.

व्रतातील अनुज्ञा

परवानगी ही सरकारी कटकट आहे, धर्माशी तिचा संबंध नाही, अशी समजूत रूढ आहे. ती शास्त्राला धरून नाही. साधूंच्या पाच महाव्रतांपैकी तिसरे अदत्तादान विरमण, म्हणजेच अचौर्य. जे दिलेले नाही ते घ्यावयाचे नाही. या महाव्रताच्या भावना मुख्यत्वे राहण्याच्या जागेशी निगडित आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. श्वेतांबर परंपरेत अवग्रहाची याचना, म्हणजे जागेच्या धन्याकडे अनुज्ञा मागणे आणि दिलेल्या मर्यादेतच राहणे, यावर भर आहे. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात अवग्रहाला स्वतंत्र अध्ययन आहे. दिगंबर परंपरेतील भावनांत रिकाम्या किंवा सोडून दिलेल्या जागी राहणे आणि दुसऱ्यास अडथळा न करणे यांचा समावेश आहे. शब्द वेगळे, तत्त्व एकच. ज्याने संसार सोडला, तो मुनीसुद्धा विचारल्याशिवाय कोणाच्या पडवीत आसन घालीत नाही. ज्याने जागा दिली तो शय्यातर, आणि त्याच्या घरची गोचरीही साधू घेत नाहीत, इतकी या दानाची कदर आहे.

आता प्रश्न असा उभा राहतो की, ज्या विहारधामाची जमीन कायद्याने अद्याप दुसऱ्याची आहे आणि ज्याच्या भिंतींना कोणाचीच अनुज्ञा नाही, तेथे साधू उतरले, तर त्यांना जागा दिली कोणी? साधूंच्या निर्दोष आचाराला श्रावकांच्या निष्काळजीपणाने डाग लागावा, हे कोणत्याही संघाला शोभणारे नाही.

श्रावकाच्या अणुव्रतांतही हाच दंडक आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक आहे. राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. त्याच्या शेजारीच हीनाधिक-मानोन्मान, म्हणजे खोट्या वजनमापाचा अतिचार आहे. दुकानातील मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल, तर प्रामाणिक व्यापाऱ्याला रात्री झोप लागत नाही. तोच व्यापारी विश्वस्त म्हणून शिक्क्याविना इमारत बांधावयास निघतो, हे दोन वागणुकींतील अंतर बुजविण्याची गरज आहे.

पूर्वजांचा दाखला

अबूच्या देलवाडा येथील विमलवसही इ.स. १०३१ ची. ती उभारणारे विमलशाह हे गुजरातच्या भीमदेव राजाचे दंडनायक. सत्ता हाती, सैन्य हाती. तरीही परंपरा असे सांगते की, डोंगरावरील जागा त्यांनी बळाने घेतली नाही. धन्यांनी मागितल्याप्रमाणे भूमीवर नाणी अंथरून ती विकत घेतली. पंधराव्या शतकात धरणाशाहांनी राणकपूरच्या मंदिरासाठी राणा कुंभाकडे जागा मागितली आणि राण्याच्या नावावरून त्या स्थानाला नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील तपशील काहीही असोत, समाजाने शतकानुशतके जपून ठेवले ते हेच की, मोठी मंदिरे मागून घेतलेल्या जागेवर उभी राहिली.

जमीन खरोखर कोणाची?

ग्रामीण भागात परवानगीचा अर्ज नकाशापासून सुरू होत नाही. तो सातबाऱ्यापासून सुरू होतो. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याच्या नावे सहजासहजी होत नाही. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व कोकणात १९४८ चा, मराठवाड्यात १९५० चा आणि विदर्भात १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागू आहे. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्यास विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा पट्टा करून देण्यास पूर्वपरवानगी लागते. ती न घेता झालेला व्यवहार अवैध ठरतो आणि चौकशीअंती जमीन शासनाकडे जाऊ शकते.

येथे दक्षिण महाराष्ट्रातील समाजाची गल्लत विशेष होते. सांगली-कोल्हापूरकडील अनेक जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी आहेत. विश्वस्त शेतकरी असला, म्हणून विश्वस्त संस्था शेतकरी होत नाही. मग सोपी वाट म्हणून जमीन एका विश्वस्ताच्या वैयक्तिक नावावर घेतली जाते. समजा, पैसा संघाचा, नाव एका सज्जन गृहस्थाचे. त्यांच्या हयातीत कोणाच्या मनात शंकाही येत नाही. पुढे ते गृहस्थ निवर्ततात, वारसांची नावे फेरफाराने सातबाऱ्यावर चढतात. मुले चांगली असली, तरी सुना-जावयांना, नातवंडांना त्या जुन्या शब्दाची माहिती नसते. संघाला मग आपल्याच वास्तूसाठी आपल्याच साधर्मिक बंधूंविरुद्ध न्यायालयात उभे राहण्याची पाळी येते. यात दोष कोणाच्या नियतीचा नसतो, कागदाचा असतो.

दात्याने सभेत उभे राहून "पाच गुंठे दिले" असे जाहीर केले की टाळ्या पडतात, पण स्थावर मिळकतीचे बक्षीस नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय पूर्ण होत नाही. त्यातही लहान तुकडा असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा प्रश्न येतो. या कायद्यातील अटी अलीकडच्या काळात वारंवार बदलल्या आहेत, म्हणून दस्ताच्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

सातबारा वाचताना भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे प्रथम पाहावे. वर्ग २ ची, इनामाची, वतनाची किंवा पुनर्वसनाची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून घेता येत नाही. "इतर हक्क" या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क, सामायिक विहीर यांच्या नोंदी असतात. दलाल दाखवीत नाही ते सारे तेथे लिहिलेले असते. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून हद्दी कायम कराव्यात. बांधावरचे लिंबाचे झाड ही हद्द नव्हे.

गावचे सरपंच प्रेमाने गायरानाची जागा दाखवितात, असाही प्रसंग येतो. ती नम्रपणे नाकारावी. गायरान गुरांचे आहे, आणि जीवदयेचे नाव घेणाऱ्या समाजाने गुरांच्या चराईवर वास्तू बांधणे मुळातच विसंगत आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याआधी २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, उद्याने व अन्य सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत प्रार्थनास्थळे होऊ देऊ नयेत, असे स्पष्ट केले होते. सर्व धर्मांना तो सारखाच लागू आहे.

परवानगी कोणाची?

जमीन निर्वेध झाल्यावर दुसरा प्रश्न येतो तो परवानगी देणाऱ्याचा. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये गावाच्या हद्दीत बांधकामास पंचायतीची पूर्वपरवानगी सांगितली आहे. यावरून "सरपंचांचे पत्र मिळाले, काम झाले" असा समज पसरला. वस्तुतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा या विषयाचा कणा आहे. गावठाणातील घराची गोष्ट वेगळी आणि गावठाणाबाहेर, शेताच्या गटात उभ्या राहणाऱ्या सार्वजनिक वास्तूची वेगळी. तेथे प्रादेशिक योजनेत तो गट कोणत्या वापर-विभागात येतो हे पाहावे लागते, नगररचना खात्याची छाननी होते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी निर्णय देतात. काही गावे दिसावयास खेडी असली, तरी महानगर प्राधिकरणाच्या क्षेत्रात असतात. पुण्याभोवतालच्या शेकडो गावांसाठी २०१५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. म्हणून पहिला अर्ज असावा तो झोन दाखल्याचा.

पूर्वी अकृषिक परवानगी, म्हणजे एन.ए., हाच सर्वात मोठा टप्पा असे. जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४४ च्या त्या प्रकरणात वर्षे जात. २०१४ पासून झालेल्या दुरुस्त्यांनी ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. तथापि कर व अधिमूल्याचा भरणा आणि बांधकामाची परवानगी या वेगळ्या बाबी आहेत. एन.ए. सुटले म्हणजे सगळे सुटले, असे समजू नये.

बांधकामाचे मोजमाप मुख्यत्वे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ठरते. ती डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली आणि मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता प्रादेशिक योजनांतील ग्रामीण भागालाही लागू आहे. सोडावयाची मोकळी जागा, पोहोच रस्त्याची रुंदी, जिन्याचे माप, वाहनतळ, पर्जन्यजल संधारण या सर्वांचे नियम तीत आहेत. ग्रामीण भागातील लहान घरांना २०२१ मध्ये सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर सवलत जाहीर झाली. ती घरमालकांसाठी आहे. शंभर माणसे उतरणाऱ्या धर्मशाळेला तिचा आधार घेता येणार नाही. मंदिर किंवा प्रार्थनास्थळ असल्यास जिल्हाधिकारी व पोलीस यांचे ना-हरकतही आधीच घ्यावे लागते. सबब अर्जात वास्तूचा खरा उपयोग लिहावा. "गोदाम" म्हणून परवाना काढून आत उपाश्रय चालविणे, ही कूटलेखक्रिया होय, आणि ती सत्य अणुव्रताच्या अतिचारांत गणलेली आहे.

विहारधाम हमरस्त्यालगत असते. रस्त्याच्या मध्यापासून इमारत रेषा व नियंत्रण रेषा ठरलेल्या असतात आणि राष्ट्रीय महामार्गावरून वाट काढण्यासाठी स्वतंत्र मंजुरी लागते. रस्ता रुंद होताना आधी पडते ती रेषेच्या आतली भिंत, आणि अनधिकृत भिंतीची भरपाई मागण्यास तोंड उरत नाही. साधूंच्या सुरक्षिततेसाठी बांधलेल्या वास्तूचे दार थेट भरधाव रस्त्यावर उघडू नये, एवढे तरी कोणाही श्रावकाला पटेल.

परवाना मिळाला की काम संपले असे नव्हे. १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे तो एक वर्ष टिकतो. मुदतवाढ वर्षावर्षाने मिळते आणि एकंदर तीन वर्षांपलीकडे जात नाही. म्हणून निधीची जमवाजमव आधी आणि अर्ज नंतर. जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणीचा दाखला घ्यावा, मंजूर नकाशात बदल करावयाचा असल्यास सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच उद्घाटन ठेवावे. पत्रिका आधी छापली की प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे धैर्य कोणालाच राहत नाही.

नियमामागील अहिंसा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ओबडधोबड दगड, मातीचा गिलावा आणि माळवदाचा प्रचंड भार यांखाली झोपलेली घरेच्या घरे गाडली गेली. त्या वेळी जैन समाज मदतीला धावला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून शिकविले, याचा समाजाला सार्थ अभिमान आहे. मात्र त्या दुर्घटनेचा दुसरा धडा अजून पुरता गिरविलेला नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील भद्रेश्वर तीर्थाचीही मोठी हानी झाली. जमिनीचा हादरा भाविक आणि अभाविक असा भेद करीत नाही.

संरचना अभियंत्याची सही, मातीची तपासणी, बाहेर पडण्याचा दुसरा जिना, अग्निशमनाची सोय या अटी कागदावर रुक्ष दिसतात. भोजनशाळेत एकाच वेळी दोनशे जण जेवावयास बसले असता आग लागली, तर त्याच अटी प्राण वाचवितात. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने स्लॅबमधील लोखंडाकडे काणाडोळा करणे म्हणजे सूक्ष्म जीव जपून पंचेंद्रिय जीव संकटात टाकणे होय. परवानगीची प्रक्रिया हे अहिंसेचेच एक व्यावहारिक रूप आहे.

हिशेबवहीत न मावणारा खर्च

आता सर्वात अवघड मुद्दा. प्रक्रिया लांबते, फायली अडतात आणि कोणीतरी "चहापाण्याची" सूचना करते. विश्वस्तांना वाटते, दोन पैसे गेले तरी चालतील, पण धर्मकार्य थांबू नये. हा खर्च ट्रस्टच्या वहीत कोणत्या खात्यावर लिहावयाचा, हे येथे विचारले पाहिजे. "किरकोळ खर्च" किंवा "प्रवास खर्च" लिहिले, तर व्हाउचर खोटे. न लिहिले, तर रोख कमी. एखाद्या विश्वस्ताने स्वतःच्या खिशातून दिले, तरी पाप धुतले जात नाही. फक्त वही स्वच्छ दिसते. मराठीत ट्रस्टला न्यास हा शब्द आहे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे, हा सत्य अणुव्रताचा अतिचार आहे. एखाद्या विधवा भगिनीने वर्षीतपाच्या पारण्यानिमित्त दिलेले पाचशे रुपये लाचेत जावेत, हा न्यासापहार नव्हे तर काय?

कायद्यानेही आता वाट अरुंद केली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत तक्रार करावी लागते. दुसरीकडे सरळ मार्गाची साधने वाढली आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली सामान्यतः ३० दिवसांत फाईल कोठे आहे हे कळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपील दिले. नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात नियमांशी सुसंगत अशा परिपूर्ण प्रस्तावावर ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानली जाण्याची तरतूद आहे, आणि नकार आल्यास ४० दिवसांत अपील करता येते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक निःशुल्क आहे. फाईल पुष्कळदा अडते ती मात्र अपुऱ्या कागदांमुळे. त्रुटींचे पत्र आले की रागावण्याऐवजी ते मुद्देवार पूर्ण करून पोच घ्यावी, यातच निम्मे काम होते.

पूज्य महाराजांच्या नावाने अधिकाऱ्यावर दबाव आणणे हाही असाच एक मोह. साधू स्वतःसाठी वास्तू बांधवून घेत नाहीत. त्यांच्या उद्देशाने केलेले त्यांना कल्पत नाही. मग त्यांचे नाव अर्जाला कशासाठी जोडावे? अर्ज संघाचा, जबाबदारी विश्वस्तांची.

संस्थेच्या घरातील शिस्त

बाहेरच्या परवानग्यांइतकीच आतली शिस्त महत्त्वाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नवी मिळकत आली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा असतो. बांधकामासाठी कर्ज काढावयाचे असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. जुनी जागा विकून नवी घ्यावयाची असेल, तर कलम ३६ ची मंजुरी लागते. हे सर्व ठराव सभेच्या इतिवृत्तात स्पष्ट शब्दांत असावेत. मूळ दस्त, मोजणी नकाशा, मंजूर नकाशा, परवाना, चलने व भोगवटा प्रमाणपत्र यांची एक फाईल कार्यालयात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये असावी. नवे मंडळ सूत्रे हाती घेते, तेव्हा किल्ल्यांबरोबर ही फाईलही सही करून सुपूर्द व्हावी.

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईत विलेपार्ले येथील दिगंबर जैन मंदिरावर महापालिकेने तोडकाम केले, तेव्हा समस्त जैन समाजाचे मन व्यथित झाले आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या प्रकरणातील न्याय-अन्याय ठरविण्याची जागा न्यायालय आहे. परंतु त्या दिवशी गावोगावच्या विश्वस्तांनी आपापल्या कपाटातील फाईल उघडून पाहिली असेल, तर त्या वेदनेतून काही चांगले निष्पन्न झाले असे म्हणता येईल. ज्यांनी अजून उघडली नसेल, त्यांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षात ती उघडावी. ज्या जुन्या वास्तूंचे कागद अपुरे आहेत, त्यांची यादी करून, जे नियमित होऊ शकते ते रीतसर शुल्क भरून नियमित करून घ्यावे. नव्या सभागृहापेक्षा हे काम लहान दिसते, त्याला कोनशिला नाही आणि बोलीही नाही. पण पन्नास वर्षांनी शतकमहोत्सव साजरा करणाऱ्या पिढीला वास्तू हवी असेल, तर तिचा पाया या कागदांत आहे.

मुनी उंबऱ्याबाहेर थांबून अनुज्ञा मागतात आणि मगच आत पाऊल ठेवतात. त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्या संघानेही कुदळ मारण्यापूर्वी तितकेच थांबावे.

जय जिनेंद्र.